चेंडू सोडा, पाय बघा!

‘त्या 75 नंबरच्या पोराचे घोटे काय सुरेख आहेत!’ शनिवारी सकाळी चहा गाळता गाळता मी म्हणाले, आणि नवऱ्याने हातातला मोबाइल खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. त्याचं काही चुकलं नाही. आयोवातल्या सीडर रॅपिड्समध्ये आम्हाला बारा वर्षं झाली, पण अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना मी धड पाहिलेला नव्हता. हेल्मेटं घातलेली माणसं एकमेकांवर आदळतात, शिट्टी वाजते, सगळे थांबतात, पुन्हा आदळतात. याला खेळ म्हणायचं तर एस.टी.त जागा धरण्यालाही म्हणावं लागेल, असं माझं ठाम मत होतं. ते मत सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी रात्री गेलं आणि आता परत यायचं नाव घेत नाही.

गेले होते मुलीसाठी. ती शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते आणि मध्यंतरात बँड मैदानावर उतरतो. तेवढी वीस मिनिटं बघायची आणि बाकी वेळ खात बसायचं, असा बेत. खायला तिथे ‘वॉकिंग टाको’ मिळतो. चिप्सची पुडी फाडायची, तिच्यातच खिमा, चीज, टोमॅटो ओतायचं आणि चमच्याने खायचं. मी खिमा वगळून घेते, मग ती भेळच होते. तर मी ती भेळ खातेय आणि शेजारी आमच्या गल्लीतले आजोबा बसलेत. जन्मभर मका आणि सोयाबीन पिकवून आता निवृत्त झालेले, डोळ्याला दुर्बीण. चेंडू उजवीकडे गेला, अख्खा स्टँड उभा राहून ओरडायला लागला, आणि हे शांतपणे डावीकडे बघतायत. तिथे तर काहीच घडत नव्हतं! न राहवून विचारलं, तुम्ही नक्की काय बघताय?

‘समोरच्या टीमचा 75 नंबर,’ ते म्हणाले. ‘तूही बघ. चेंडू बघू नकोस. आणि त्या पोराला कमरेच्या वर बघूच नकोस.’

दुर्बीण माझ्या हातात आली. पोरगं सोळा-सतरा वर्षांचं असेल, सव्वासहा फुटांच्या वर उंच, सव्वाशे किलोच्या आसपास. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, मागे सरकतो आणि त्याला फेकायला मिळतात जेमतेम तीन सेकंद. त्याच्यापुढे पाच दांडगे उभे असतात, ती ऑफेन्सिव्ह लाइन. त्यातले दोन्ही टोकांचे ते टॅकल. चेंडू हलला की टॅकलने मागे सरकत जायचं, तेही पाठ न फिरवता, कारण समोरून कुणीतरी सुसाट त्याला वळसा घालून क्वार्टरबॅककडे निघालेलं असतं. आता हे मागे सरकणं कसं? बाहेरचा पाय तिरका मागे टाकायचा, आतला पाय जमिनीलगत ओढून घ्यायचा. पुन्हा बाहेरचा, पुन्हा आतला. पाय एकमेकांना ओलांडून जाता कामा नयेत. टाचा एकमेकींना लागता कामा नयेत. वजन टाचेवर नाही, चवड्याच्या आतल्या बाजूला. गुडघे वाकलेले, पाठ ताठ. याला म्हणतात किक स्लाइड. सव्वाशे किलोचं ते पोरगं हे सगळं असं करत होतं, की डोक्यावर पाण्याची घागर ठेवली असती तर थेंब सांडला नसता.

माझ्या हातातली भेळ तशीच राहिली. कारण हे मी पाहिलेलं होतं! हे मला माहीत होतं!

मी कोल्हापूरची. लहानपणी वडील मला खांद्यावर बसवून खासबागेत न्यायचे. पोरीला कशाला कुस्त्यांना, असं आजी म्हणायची. ते ऐकायचे नाहीत. खाली लाल मातीत दोन पैलवान खडाखडी करत असायचे. मी त्यांचे चेहरे बघायची, मिशा बघायची, आणि वडील माझा पाय दाबून म्हणायचे, ‘आगं, त्वांड काय बघतीस? पाय बघ की! पवित्रा बघ!’ डाव हाताने दिसतो पण पायातनं निघतो, असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षांनी, सव्वातेरा हजार किलोमीटरवर, एक मकेवाला शेतकरी मला शब्दशः तेच सांगत होता.

त्या रात्री मी झोपले नाही. खरंच नाही. दोन वाजेपर्यंत बसून शोधत गेले आणि जे जे सापडलं त्याने अंगावर काटा आला. कारण आयोवात हे साम्य नुसतं माझ्या डोक्यात नाही, ते इथल्या मातीत आहे! हे राज्य कुस्तीचं. इथून तासाभरावरच्या वॉटर्लूचा डॅन गेबल 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण न देता सुवर्ण घेऊन आला, आणि पुढे आयोवा विद्यापीठाचा प्रशिक्षक म्हणून त्याने संघाला पंधरा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. आयोवा सिटीत त्याचा पुतळा आहे. त्याच विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेन्ट्झ. ते 1999पासून त्या खुर्चीत आहेत आणि त्याआधी, 1980च्या दशकात, इथेच ऑफेन्सिव्ह लाइन शिकवायचे. म्हणजे कुस्तीच्या गावात लाइनचा वस्ताद!

आणि मग ट्रिस्टन वर्फ्स. आमच्या घरापासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या माउंट व्हर्ननचा. शाळेत गोळाफेक, थाळीफेक आणि कुस्ती. 2017 साली वजन घटवून घटवून 285 पौंडांच्या मर्यादेत बसला आणि राज्याचा हेवीवेट विजेता झाला. पुढे 2020 साली व्यावसायिक लीग एनएफएलच्या चाचणीत 320 पौंडांच्या, म्हणजे 145 किलोच्या, या माणसाने उभ्या जागेवरून साडेछत्तीस इंच उडी मारली आणि 40 यार्ड 4.85 सेकंदांत पळून दाखवले. त्याचा एक व्हिडिओ आहे. पोहण्याच्या तलावात पाण्यात उभा आहे आणि एका उडीत थेट काठावर. मी तो अकरा वेळा पाहिला. बाराव्या वेळी मुलीने लॅपटॉप मिटला.

थांबा, याहून भारी गोष्ट पुढेच आहे. माउंट व्हर्ननच्या शेजारी सोलन नावाचं गाव. दोन्ही गावांची लोकसंख्या पाच-पाच हजारांच्या आत. सोलनचा टायलर लिंडरबॉम शाळेत असताना याच वर्फ्सशी कुस्ती खेळला, आणि त्या लढतीत जिंकला! विद्यापीठात आला तो बचावफळीत खेळायला. तिथून उचलून त्याला सेंटर, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनच्या मधोमध उभा राहणारा, केलं, आणि 2021 साली देशातल्या सर्वोत्तम सेंटरचा रिमिंग्टन पुरस्कार त्याला मिळाला. आज दोघंही एनएफएलमध्ये आहेत. पंचगंगेच्या काठावरच्या दोन वाड्यांमधून दोन हिंदकेसरी निघावेत आणि शाळेत असताना एकमेकांशी लढलेले असावेत, असं झालं हे.

म्हणून इथले लोक शाळकरी पोरांचे पाय बघत हिंडतात. आयोवाला एनएफएलचा संघ नाही. राज्याची लोकसंख्या बत्तीस लाख, आणि विद्यापीठाच्या किनिक स्टेडियममध्ये बसतात सुमारे 69 हजार. पुढच्या वर्षी आपल्या संघात कोण येणार हा इथे घरगुती प्रश्न आहे, लग्नाच्या स्थळासारखा. स्काउटिंग कंपन्या पोरांना दोनपासून पाचपर्यंत तारे देतात, पण आजोबांचा ताऱ्यांवर भरवसा नाही. त्यांची स्वतःची परिभाषा आहे आणि ती मी आता वहीत उतरवून घेतलीय. जो गुडघ्यातून वाकतो तो ‘नी बेंडर’, तो हवा. जो कमरेतून वाकतो तो ‘वेस्ट बेंडर’, तो पुढे झुकतो आणि कुणीही त्याला खाली ओढतो. पाय चिखलातून उपसल्यासारखे उचलतो त्याचे ‘हेवी फीट’. सगळ्यात वरचा दर्जा म्हणजे ‘डान्सिंग बेअर’, नाचरं अस्वल! यापेक्षा नेमका शब्द मी आजवर कुठल्याच खेळात ऐकलेला नाही.

व्हिडिओ बघायचीही रीत आहे. पोरं आपल्या खेळातले निवडक तुकडे हडल नावाच्या साइटवर टाकतात, आणि सुरुवातीला बाण किंवा गोल दाखवून सांगतात की हा मी. समोरच्याला आडवं पाडलं की त्याला म्हणतात पॅनकेक, आणि नवखे चाहते तेवढंच बघून खूश होतात. आजोबा नाही होत. ‘समोरचा पोरगा साठ किलोचा आहे, त्याला तर माझी बायकोही पाडेल,’ असं म्हणून ते पुढे सरकतात. त्यांना हवा असतो पूर्ण सामना, त्यातही चौथा क्वार्टर, दमल्यावरचा. दमलेला माणूस पायाने खोटं बोलू शकत नाही म्हणे. त्याहून हवा असतो त्याच पोराचा बास्केटबॉलचा व्हिडिओ, कारण तिथे अंगावर पॅड नसतात आणि वळताना कंबर कशी फिरते ते उघडं दिसतं. गोळाफेकीचे आकडेही बघतात, कारण त्या छोट्या वर्तुळात गिरकी घेऊन तोल सांभाळणं हे पुन्हा पायाचंच काम. कुस्तीत किती लढती जिंकला, हे तर सगळ्यात आधी बघतात.

मधेच मला जरा कसंतरी झालं, हेही सांगते. बैलबाजारात दात बघावेत तसं आपण कुणाच्या तरी पोराचे घोटे बघतोय, आणि त्याची आई चार ओळी पुढे घोंगडी पांघरून बसलीय. 2021पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावण्याची परवानगी मिळाली, तेव्हापासून या बघण्याला भावही लागलाय. आणि पोरं शेवटी पोरंच. केडिन प्रॉक्टर हा इथलाच पंचतारांकित टॅकल. आयोवाला शब्द दिलेला, आणि 2022च्या डिसेंबरात सहीच्या वेळी अलाबामाला गेला. वर्षभराने परत आयोवात आला आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा अलाबामाला. आजोबांना या विषयावर काही विचारलं तर ते हवामानाबद्दल बोलतात. एकदाच म्हणाले, ‘पण पाय बघितलेस त्याचे?’ आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

एवढं कळूनही माझं बघणं थांबत नाही. रेस्टॉरंटमध्ये वेटर सहा प्लेटा घेऊन वळला तर मी त्याची कंबर बघते. गणपतीत मराठी मंडळाचं लेझीम बसलं, तर सगळ्या पुरुषांना मी मनातल्या मनात तारे देऊन टाकले. दोन वेस्ट बेंडर, एक हेवी फीट (नवरा), आणि ढोलवाले काका, वय 61, निर्विवाद नाचरं अस्वल.

परवा रात्री नऊला, म्हणजे कोल्हापुरात सकाळी साडेसातला, मी 75 नंबरची एक क्लिप वडिलांना पाठवली. काहीच सांगितलं नाही. आमच्या दोघांच्या मते पोरगं पक्कं होतं, आजोबांनी तर सोळा व्हिडिओ पाहून ठरवलं होतं. दहा मिनिटांनी वडिलांचा फोन आला. हा कुठला खेळ, हेल्मेट कशाला, काहीही विचारलं नाही. म्हणाले, ‘पोरगं चांगलं हाय. पण डाव्या अंगाला दाबला की टाचंवर बसतंय. पट काढंल कुनीबी.’

मी तशीच चपला घालून शेजारी गेले. आजोबांनी क्लिप लावली, मागे घेतली, पुन्हा लावली. चौथ्यांदा चष्मा काढून पुसला आणि पाचव्यांदा लावली. मग खुर्ची माझ्याकडे फिरवून म्हणाले, ‘सोलनचा एक सेंटर आहे. त्याचीही पाठव त्यांना. आत्ताच पाठव, मी थांबतो.’