वेदनेविना अडलेली वाट

मूत्रपिंडारोपण म्हटले की सामान्यतः रक्तवाहिन्यांची जोडणी डोळ्यांपुढे येते. परंतु ज्या वाटेने नव्या मूत्रपिंडातील मूत्र मूत्राशयात उतरावयाचे, त्या मूत्रवाहिनीला आरोपणानंतर रक्त केवळ मूत्रपिंडाच्याच रोहिणीतून मिळत असल्यामुळे तिचे खालचे टोक सर्वांत दुबळे राहते आणि आमच्या विद्येची कसोटी तेथेच लागते. तिच्याभोवतीची चरबी खरडून काढण्याचा मोह आवरावा. कापलेल्या टोकावर ताज्या रक्ताचे थेंब उमटेपर्यंत ते आखूड करावे आणि मगच मूत्राशयाशी जोडावे.

एवढी तजवीज करूनही कधी सांधा पाझरतो. निचऱ्याच्या नळीतून येणारे पाणी वाढले, की त्यातील क्रिएटिनिन रक्तातल्याशी ताडून पाहावे. ते कित्येक पटींनी अधिक निघाले, तर ते मूत्रच होय. असा पाझर बहुधा पहिल्या काही आठवड्यांत उघड होतो. मूत्रवाहिनी आकसण्याचा विकार मात्र महिन्यांनी, वर्षांनीही, चाहूल न देता येतो. कारण आरोपणाच्या वेळी तुटलेले संवेदनातंतू जोडले जात नाहीत आणि त्यामुळे वाट अडली तरी मुतखड्यासारखी कळ उठत नाही.

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीहून येणाऱ्या एका शेतकऱ्याचे क्रिएटिनिन वाढलेले पाहून मी विचारपूस केली, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, दुखायला तर काहीच नव्हतं, उन्हामुळं लघवी कमी होत असंल म्हणलं.” ज्या लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या मुलखात ही समजूत किती स्वाभाविक! सोनोग्राफीत मूत्रपिंड फुगलेले दिसले. पाठीवर नव्हे, तर ओटीपोटाच्या बाजूस, जेथे आरोपित मूत्रपिंड असते तेथे, त्वचेतून नळी घालून प्रथम मूत्राला वाट दिली. पुढे आकसलेला भाग काढून जोडणी नव्याने केली.

तेव्हापासून माझा आग्रह असा, की वहीत केवळ लघवीचे माप न लिहिता प्यालेल्या पाण्याचेही लिहावे आणि दोहोंची रोज रुजवात घ्यावी. पाणी नेहमीइतके पोटात जाऊनही लघवी घटली, तर उन्हाकडे बोट न दाखवता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कारण दुखण्याची वाट पाहणाऱ्याला हे मूत्रपिंड इशारा देणार नाही, आणि वेळीच मोकळी केलेली वाट ते बहुधा वाचवते.