बाबासाहेबांना शाळेत रडू यायचं का?



दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या दौंड तालुक्यात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रस्त्यावर दिसू लागतात. पाटस, आलेगावकडे ऊस जायला लागतो. त्याच आठवड्यात शाळाही भरतात. भीमेच्या काठाला, रानात, कालवा-पाटाच्या कडेला ऊसतोड्यांच्या कोप्या उभ्या राहतात आणि शाळेच्या पटावर नसलेली काही पोरं मागच्या बाकावर येऊन बसतात. बीडची, पाथर्डीची, कुठली कुठली. त्याच वेळी बीडकडच्या कुठल्यातरी शाळेत तेवढेच बाक रिकामे झालेले असतात.

अशाच एका गावातल्या उच्च प्राथमिक शाळेत यंदा मला ७ नोव्हेंबरला बोलावलं होतं. १९०० साली याच दिवशी छोट्या भिवाचं नाव साताऱ्याच्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, घातलं गेलं. २०१७ पासून राज्य सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. (पाळतं म्हणजे ज्या वर्षी तो दिवाळीच्या सुट्टीत येत नाही त्या वर्षी. २०१८ ला ७ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजनच होतं.) फोटोला हार घातला, दोन मुलांनी पाठ केलेली भाषणं म्हटली. मी नेहमीचं बोललो. कोलंबिया, लंडन, पदव्या, संविधान, अठरा तास अभ्यास. पोरांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनी कुणाला काही विचारायचंय का म्हणून विचारलं तेव्हा एकही हात वर आला नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी गाडीपाशी आलो तर सहावी-सातवीतली एक मुलगी मागून आली. आधी इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली, मग हळूच म्हणाली, "जय भीम दादा." आणि मग, "बाबासाहेबांना शाळंत रडू यायचं का?"

मला उत्तर आलं नाही. "ते लई धीराचे होते, तूही धीरानं शिक" असलं काहीतरी बोललो. ती "हो" म्हणाली आणि निघून गेली. वर्गशिक्षकांनी नंतर सांगितलं की ती टोळीबरोबर आलेली आहे, शाळेत येऊन चार दिवसही झाले नाहीत, पोरं तिला कोपीवाली म्हणतात. "पोरंच ती, चिडवायचीच," असंही म्हणाले. मास्तर माणूस वाईट नाही. पण हे वाक्य मी माझ्या लहानपणीही ऐकलंय.

माझे वडील रेल्वेत गँगमन. दौंडच्या क्वार्टरमध्ये आम्ही सगळेच रेल्वेवाले, तिथं जात होती पण जरा दबून होती. पाचवीला मला शिरूरला मामांकडं ठेवलं. तिथल्या शाळेत दर वर्षी सहामाहीच्या आसपास एक ठरलेला प्रसंग व्हायचा. सर वर्गात येऊन म्हणायचे, "स्कॉलरशिपवाले उभे राहा." सुरुवातीला मला वाटलं हुशार मुलांना उभं करतायत. आम्ही सात-आठ जण उभे राहायचो, एकेकाचं नाव घेऊन दाखल्याची झेरॉक्स मागायचे. बाकीचा वर्ग बसून बघायचा. कुणी शिवी दिली नाही, कुणी मारलं नाही. पण त्या दहा मिनिटांनंतर डबा खाताना आमची रांग आपोआप वेगळी पडायची. सातवीत मी त्या आठवड्यात पोट दुखतंय म्हणून घरी राहायला लागलो. मामी ओवा द्यायची. पोट खरंच दुखायचं, ही गोष्ट मला चाळिशीत येईपर्यंत कुणाला सांगता आली नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या चळवळीत मुलांच्या मनाबद्दल बोलणं हे सुखवस्तू लोकांचं लाड समजलं जातं. "आपल्या बापजाद्यांनी काय काय सोसलं, तुम्हाला साधं चिडवलेलं सहन होत नाही?" हे मी विहारात ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर स्वतः बोललोय सुद्धा. आपण पोरांना बाबासाहेब दगडाचे करून दाखवतो. ज्यांना कधी लागलं नाही, दुखलं नाही असे.

पण बाबासाहेबांनी स्वतः काय लिहून ठेवलंय? 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचा. साताऱ्याच्या वर्गात त्यांना कोपऱ्यात वेगळं बसावं लागायचं, बसायला गोणपाट घरून आणायचं आणि संध्याकाळी घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावायचा नाही. तहान लागली तर शिपायानं नळ सोडायचा. शिपाई नसेल तर तहानलेलं राहायचं. १९०१ च्या सुट्टीत नवे कपडे घालून वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली ती पोरं मसूर स्टेशनवर अडकली. जात कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला, गाडीवाले नेईनात. रात्री पाणी मिळालं नाही म्हणून बरोबरचं खाणंही गेलं नाही, आणि आपल्याला कुणी लुटून मारेल या भीतीत रात्र काढली. हे त्यांनी लिहिलं ते तीस-पस्तीस वर्षांनी. तोवर ते बॅरिस्टर होते, दोन डॉक्टरेट गाठीशी होत्या, महाड झालं होतं, गोलमेज झाली होती. तरी त्या माणसाला गोणपाट आठवत होतं. पदव्यांनी ते पुसलं गेलं नव्हतं. मग सहावीतल्या पोरीनं धीर धरावा, असं मी कोणत्या तोंडानं सांगितलं?

१७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आपण रस्त्यावर उतरलो, उतरायलाच हवं होतं. पण विद्यापीठात पोहोचेपर्यंत जी टिकतात त्यांच्याबद्दलच आपण बोलतो. पाचवी ते आठवीत जी पोरं गप्प होतात, मागं सरकतात आणि एक दिवस यायची बंद होतात, त्यांचा मोर्चा निघत नाही. त्यांच्या नावापुढं 'गळती' एवढाच शब्द लिहिला जातो, जणू नळच गळतोय.

कायदा नाही असं नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घालतं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये निर्देश दिले की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. मी त्या शाळेत विचारलं तेव्हा तक्रारपेटी दाखवली. पेटी ऑफिसच्या आत, हेडमास्तरांच्या खुर्चीमागं होती. चावी कुणाकडं आहे ते कुणालाच आठवेना.

याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि वंचित घटकातल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा हवी. इथं मला आपल्याच लोकांना विचारायचंय. ग्रामपंचायतीच्या एका जागेसाठी आपले तीन गट एकमेकांविरुद्ध उभे राहतात. जयंतीच्या वर्गणीवरून वर्षभर बोलत नाहीत. पण शाळेच्या समितीत आपल्या वस्तीतून कोण आहे, हे मी पाच गावांत विचारलं तर दोन गावांत कार्यकर्त्यांनाच माहीत नव्हतं. १ जानेवारीला विजयस्तंभाला लाखोंनी जाणारे आपण, कोरेगाव भीमा ज्या शिरूर तालुक्यात आहे तिथल्या शाळेत १ जानेवारी २०१८ नंतर आपल्या पोरांना बाकावर कोण काय बोललं, हे विचारायला किती जण गेलो? मी गेलो नव्हतो.

आणि ज्याला आत्ता गरज आहे त्याच्यासाठी: मुलांची हेल्पलाइन १०९८, मानसिक त्रासासाठी टेलि-मानस १४४१६. दोन्ही फुकट आहेत. विहाराच्या भिंतीवर रंगानं लिहा, कार्यक्रमपत्रिकेच्या मागं छापा.

त्या शाळेत मी परत गेलो. मुलगी भेटली. म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर चुकलं होतं. गोणपाटाची, मसूरची गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, "मग त्यांनी ते गोणपाट रोज न्यायचं?" रोज, मी म्हटलं. ती जरा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की ती पण पाण्याची बाटली कोपीतूनच भरून आणते, टाकीवर जात नाही.

समितीच्या पुढच्या बैठकीला तिच्या आईला आणि आणखी एका बाईला बोलवा, असं मी शाळेला लेखी दिलंय. दोघी यायला तयार आहेत, पण दिवसा कोयता सोडून आल्या तर जोडीदाराची मोळी बांधायला कुणी नाही. म्हणून बैठक संध्याकाळी सहानंतर ठेवा, अशी विनंती केली आहे. अजून उत्तर आलेलं नाही. सोमवारी परत जाणार आहे.