खांदा

“काका, आटे घट्ट बसले म्हणजे काम झालं ना?”

कॉलेजात जाणारी ती मुलगी वडिलांबरोबर माझ्या लेथवर आली होती. ५० मीटर रायफल मारते. तिला नळीच्या तोंडाला पुढची जोडनळी बसवायची होती आणि त्यासाठी नळीवर आटे पाडून हवे होते. आमच्या कोल्हापूरला याचं नवल नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं. तेव्हापासून अशा चौकशा येतात.

काम मी घेतलं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरबदल करायला परवाना लागतो, माझ्याकडे तो नाही. परवानाधारक कारागिराकडेच जा, असं सांगितलं. पण चाळीस वर्षं आटे पाडणाऱ्या माणसाला तो प्रश्न तसाच सोडवेना. भंगारातला पाइपचा तुकडा चकमध्ये धरला आणि तिला जवळ बोलावलं.

आटा फक्त ओढतो. सरळ ठेवतो तो खांदा, म्हणजे आटे संपतात तिथली सपाट कड. नर आणि मादी आट्यांत थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर जोड फिरणारच नाही. त्या फटीत जोडनळी डुलू शकते. ती खांद्यावर टेकून आवळली जाते तेव्हाच तिला दिशा मिळते. नळीच्या तोंडाचा व्यास १४ मिमी धरला आणि खांदा एका बाजूला ०.०५ मिमी उतरता राहिला, तर २०० मिमी लांब जोडनळीचं टोक ०.७ मिमी कलतं. गोळी मोठ्या भोकातून अंग न लावता निघून जाते, पण फोरसाईट, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, त्या टोकावर बसलेलं असतं.

कायमचा कल साईट फिरवून काढता येतो. घातक आहे तो दरवेळी बदलणारा कल. दोन्ही साईटमधलं अंतर एक मीटर धरा. फोरसाईट ०.१ मिमी सरकलं, की ५० मीटरवर नेम ५ मिमी सरकतो. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी. म्हणजे मधला नेम थेट काठावर गेला. मुलगी दिवसरात्र श्वास धरायचा सराव करते आणि गुण जातात ते खांद्यापायी. याची मला खरोखर चीड येते.

दुसरी गोष्ट भोकाची. लांब नळीत भोक पाडताना ड्रिल थोडं वाहवतं, त्यामुळे बाहेरचं अंग आणि आतलं भोक एकाच मध्यावर असेलच असं नाही. घाईतला टर्नर मध्य तपासायचा डायल बाहेरच्या अंगाला लावतो, काटा स्थिर दिसला की टूल घालतो. आटे देखणे पडतात, पण चुकीच्या अक्षावर. डायल भोकात लावायचा आणि नळीची दोन्ही टोकं तपासायची. यात अर्धा दिवस गेला तरी चालेल, प्रत्यक्ष आटे पाडायला मग फार वेळ लागत नाही. नंतर तोंडाची कड, क्राउन, नीट पाहायची. गोळीचा नळीशी शेवटचा संबंध तिथे संपतो. तिथे एका बाजूला ओरखडा असला तर मागून येणारा गॅस असमान सुटतो आणि गोळीला ढकलतो.

इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये आट्यांचं माप एकसारखं करायला ५५ अंशांचा कोन सुचवला. आपल्या न्हाणीघरातल्या अर्ध्या इंची नळाला आजही तोच कोन आहे, इंचाला १४ आटे. पुढे त्यानंच षटकोनी भोकाची रायफल केली. १८६० मध्ये विम्बल्डनच्या नेमबाजी मेळाव्यात राणी व्हिक्टोरियानं पहिली गोळी झाडली ती तिच्यातून, घट्ट टेकूवर बसवून. आट्यात आणि नेमात त्या माणसाला एकच गोष्ट दिसली असणार, असं मला लेथवर उभं असताना वाटतं.

पाइपला आटे पाडले, खांदा घेतला आणि त्यावर निळ्या शाईचं पातळ बोट फिरवलं. सॉकेट आवळून सोडवलं. शाई सॉकेटवर अर्ध्याच बाजूला उमटली. खांदा मी मुद्दामच तिरका घेतला होता. पुन्हा एक हलका काप घेतला, शाई लावली. आता अखंड कडं उमटलं. “तुमच्या माणसाकडून काम झालं, की हे बघायचं,” मी म्हणालो.

वडील चहाला गेले. ती बाकड्यावर बसून सॉकेट सोडवत होती, आवळत होती. पाइप आणि सॉकेट दोन्हीवर मिळून पेन्सिलनं एक रेघ मारून घेतली होती आणि दरवेळी रेघ जुळते का ते पाहत होती. चहा येऊन निवला तरी तिचं चालूच होतं.