मुलांच्या वकिलाचं म्हणणं

होमस्कूलिंगवर सरकारची कसलीही देखरेख नको, असं मी बरीच वर्षं ठामपणे म्हणत आले. आता माझं मत बदललं आहे. वर्षातून एकदा तरी आईवडिलांखेरीज कुणीतरी त्या मुलाला भेटलंच पाहिजे, असं मला वाटतं. कॅलिफोर्नियातल्या माझ्या बरोबरीच्या आयांना हे रुचणार नाही, पण पोटात एक आणि ओठात एक मला जमत नाही.

२८ फेब्रुवारी २००८ रोजी लॉस एंजेलिसच्या अपील कोर्टानं निकाल दिला, की घरी शिकवायचं तर शिकवणाऱ्याकडे शिक्षकाचा परवाना हवा. माझी लेक तेव्हा माझ्याजवळच शिकत होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकीकडे अपूर्णांकांची वही, दुसरीकडे आजीनं सांगलीहून पाठवलेलं बालभारतीचं पुस्तक. मी शिकलेली इंजिनिअरिंग. निकाल वाचून पोटात गोळा आला. आमच्यासारखी हजारो घरं एकाएकी बेकायदा ठरणार होती. फोन खणखणू लागले, सह्यांच्या मोहिमा निघाल्या, गव्हर्नर श्वार्झनेगर यांनीही निकालावर कडाडून टीका केली. मार्चमध्ये कोर्टानं फेरसुनावणी मान्य केली आणि ८ ऑगस्टला निकाल फिरवला: घरचं शिक्षण हे खाजगी शाळेचंच एक रूप मानता येईल. त्या दिवशी मी शिरा केला, शेजारी वाटला.

हा खटला मुळात होमस्कूलिंगचा नव्हताच. एका घरातल्या छळाच्या तक्रारीवरून तो बालन्यायालयात उभा राहिला होता. तिथल्या दोन धाकट्या मुलांसाठी नेमलेल्या वकिलानं मागितलं होतं, की यांना शाळेत पाठवा, म्हणजे घराबाहेरच्या कुणाची तरी नजर यांच्यावर राहील. इथे छळाचा संशय आला तर कळवणं शिक्षकांना कायद्यानं बंधनकारक आहे. ऑगस्टच्या निकालातही कोर्टानं म्हटलं होतं, की न्यायालयाच्या संरक्षणाखालच्या मुलाच्या सुरक्षिततेसाठी घरच्या शिक्षणाची परवानगी नाकारता येते. आम्ही पालकांनी तो भाग वाचला आणि पान उलटलं. आमची सगळी चर्चा आमच्या हक्कांची होती.

दरवर्षी ऑक्टोबरमध्ये मी खाजगी शाळेचं प्रतिज्ञापत्र भरायची. शाळेचा पत्ता म्हणजे आमचंच घर, मुख्याध्यापक मीच. कोणत्या इयत्तेत किती विद्यार्थी, तो आकडा टाकायचा. मुलांची नावं कुणी विचारत नाही. भरायला फार वेळ लागत नाही आणि याचं मला तेव्हा कौतुक होतं.

जानेवारी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच पेरिस या गावातल्या घरातून सतरा वर्षांची एक मुलगी खिडकीतून बाहेर पडली. सेवा बंद झालेल्या मोबाइलवरून तिनं ९११ला फोन केला. तेरा भावंडं, उपाशी ठेवलेली, काही साखळदंडांनी बांधलेली. त्या बापानंही आपल्या घराची शाळा म्हणून नोंद केली होती. फॉर्म तोच, मी भरायची तो.

त्यानंतर आमदार होजे मेदिना यांनी अशा घरगुती शाळांबद्दल विधेयक आणलं. आधी त्यात घरांच्या अग्निसुरक्षा तपासणीचं कलम होतं, मग तेही गळलं आणि माहिती गोळा करण्यापुरतं विधेयक उरलं. एप्रिलमध्ये सॅक्रामेंटोला समितीपुढे विरोध नोंदवायला पालकांची रीघ लागली. मीही त्या रांगेत होते. माईकपाशी जायचं, नाव सांगायचं, 'विरोध' म्हणायचं आणि पुढे सरकायचं. मुलंही बोलली, किती धीट, किती नीटस! समितीतल्या एकानंही विधेयक पुढे रेटलं नाही. ते तिथेच संपलं.

त्या रांगेतच माझं मन फिरू लागलं. बोलायला आली होती ती आईवडिलांनी आणलेली मुलं. ज्यांना घराबाहेर काढलंच जात नाही, ती कुठून येणार? शाळेत जाणाऱ्या मुलांचेही हाल होतात आणि कुणाला पत्ता लागत नाही, असं मैत्रिणी म्हणतात. खरं आहे. पण तिथे निदान एखाद्या बाईंना मुलाच्या हातावरचा वळ दिसण्याची शक्यता असते.

देशात राहण्याची कागदपत्रं नसलेल्या कुटुंबांच्या दारात सरकारी माणूस उभा राहणं किती भीतीचं, हेही मी जाणते. म्हणून पोलीस नकोत, तपासनीसही नकोत. मुलांचा डॉक्टर चालेल, शाळेतला शिक्षक चालेल. अट एकच: त्या भेटीत मूल एकटं असावं, आईवडील दाराबाहेर.