हुडकेश्वर ते घारापुरी : समुद्र बघा, पण बंदरातून!

आपण नागपूरकर मुंबईला जातो कशाला? इंटरव्ह्यू, ट्रेनिंग, नाहीतर हेड ऑफिसची मीटिंग. सकाळी विदर्भ एक्स्प्रेसने सीएसएमटीला उतरायचं, दिवसभर एसीत बसायचं आणि रात्री परतीची गाडी. समुद्र? तो टॅक्सीच्या खिडकीतून!

गेल्या हिवाळ्यात मात्र ठरवलं, मीटिंग नाही, फक्त भटकंती. सोबत आई-बाबा. बाबांनी साठी ओलांडली, पण समुद्र टीव्हीवरच पाहिलेला. हुडकेश्वरच्या माणसाला पाणी म्हणजे अंबाझरी, नाहीतर फुटाळा!

पहिला स्टॉप अर्थातच गेट वे ऑफ इंडिया. गंमत म्हणजे पंचम जॉर्ज १९११ मध्ये इथे उतरले आणि त्यांच्या स्वागताची ही कमान पूर्ण झाली १९२४ मध्ये. २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश तुकडी याच कमानीतून परत गेली. बाबा म्हणाले, "आले इथूनच अन् गेलेबी इथूनच!"

आता एलिफंटाची बोट. इथे आई अडून बसली. १८ डिसेंबर २०२४ ची बातमी तिच्या डोक्यात पक्की होती. नौदलाची स्पीडबोट एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल'वर आदळली होती, पंधरा जणांचा जीव गेला होता. "काहून जीव धोक्यात घालता?" आईचा सवाल. तिचं चूक नव्हतंच. मी तिघांच्या लाइफ जॅकेटचे पट्टे नीट बांधले, तेव्हा कुठे ती बोटीत बसली.

तासाभराच्या त्या प्रवासात खरं बंदर दिसतं. नांगरलेली अजस्र जहाजं, मागे लहान होत जाणारं ताज आणि बोटीमागे सीगल. बाबा एक शब्द बोलले नाहीत. नुसते बघत राहिले.

बेटाचं मूळ नाव घारापुरी. इथे पोर्तुगीजांना दगडी हत्ती दिसला, म्हणून एलिफंटा. तो हत्ती आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. १९८७ पासून लेणी जागतिक वारशाच्या यादीत आहेत. शंभरावर पायऱ्या चढताना बाबा तीनदा बसले. पण त्रिमुखी सदाशिवासमोर गुडघेदुखी विसरले. पुढच्या पाच वर्षांत हे गुडघे इतकी साथ देतील? हा प्रश्न मला तिथेच पडला.

जाताय? मग हे लक्षात ठेवा :

- सोमवारी लेणी बंद. शनिवार-रविवारी सकाळची पहिली बोट गाठा, गर्दी टळते.
- लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत बसू नका. बोट खच्चून भरली असेल तर सरळ पुढची पकडा.
- पायऱ्या जमत नसतील तर डोलीची सोय आहे.
- पावसाळ्यात बोटींचा भरवसा नाही.
- वेळ उरला तर भाऊचा धक्का. तिथून मोऱ्याची लाँच घ्या, टूरिस्ट नाही तर रोजची मुंबई भेटेल.

परतीच्या गाडीत बाबा एवढंच म्हणाले, "पुढल्या वर्षी तुझ्या काकालेबी आणू."

तेव्हा दोस्तहो, पुढची सुट्टी लग्नांत संपवू नका. तिकिटं काढा, आणि दोन जास्तीची काढा!