आजीचं लुगडं

दरवर्षी एप्रिलमध्ये परीक्षा संपली की आमच्या चौथीच्या वर्गात एकच विषय असतो, सुट्टीत कोण कुठे जाणार! कुणी मामाच्या गावाला, कुणी कोकणात, तर कुणी धरणावर तंबूत राहायला. अशाच गप्पा चालल्या असताना एका मुलाने मला विचारलं, "बाई, तुम्हाला पोहता येतं?"

"हो, येतं की," मी म्हणाले.

"कधी शिकलात?"

"पाचवीची परीक्षा झाल्यावर. २००१ साली."

"एवढं वर्ष कसं लक्षात राहिलं हो, बाई?"

त्या दिवशी मी मुलांना जे सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगते.

आमचं घर संगमनेरला. गावाला संगमनेर नाव पडलं ते प्रवरा आणि म्हाळुंगी या नद्यांच्या संगमामुळे. उन्हाळ्यात संध्याकाळी आजीबरोबर प्रवरेच्या घाटावर जायचं, पायऱ्यांवर बसून भेळ खायची, ही आमची रोजची सहल. पण त्या वर्षी काकांनी जाहीर केलं, "यंदा नदीचं माहेर बघायचं!" प्रवरा उगम पावते रतनगडावर, आणि तिचं पाणी अडवलंय भंडारदऱ्याला. काका हायस्कूलात स्काउटचे शिक्षक होते. त्यांनी शाळेतला एक जुना तंबू मिळवला, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सातजण एस.टी.त बसलो. आजी, आई, बाबा, काका, काकू, मी आणि माझा धाकटा भाऊ बाळू. बाळू तेव्हा सात वर्षांचा होता.

अकोले गेलं, राजूर गेलं, आणि पुढे डोंगर जवळ यायला लागले. धरण पाहिलं आणि मी तोंडात बोट घातलं. ऐंशी मीटरहून जास्त उंच भिंत, आणि तीही दगडांची! काका म्हणाले, "१९१० साली काम सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. इंग्रज गव्हर्नरच्या नावावरून विल्सन धरण म्हणतात. पण दगड वाहिले ते आपल्याच माणसांनी." भिंतीजवळचा छत्रीच्या आकाराचा धबधबा बघायची मला फार हौस होती, पण पाणी सोडलेलं नव्हतं. नुसता कातळ बघून परतावं लागलं.

जलाशयाच्या काठाने बरंच चालून गेल्यावर एका सपाट जागी आम्ही तंबू ठोकला. तिथे एक म्हातारे बाबा गुरं चारत होते. आजीने त्यांना दशमी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. त्यांनी आम्हाला पळसाच्या पानात करवंदं दिली आणि जाताना बजावलं, "पोरांनो, गुरं ज्या वाटेनं पान्याला उतरतात त्याच वाटेनं उतरायचं. दुसरीकडं पाय टाकायचा नाय."

रात्री काकांनी आम्हाला काजवे दाखवले. पावसाळा तोंडावर आला की त्या भागातली झाडंच्या झाडं लुकलुकतात. एक झाड विझायचं, तेवढ्यात दुसरं पेटायचं. "बॅटरी बंद करा," काका म्हणाले, "हा त्यांचा एकमेकांशी बोलण्याचा उजेड आहे. आपल्या उजेडात त्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही." बाळू हसला, "उजेड कुठे ऐकू येतो का?" आम्ही सगळेच हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने आंघोळ करून आपलं नऊवारी लुगडं पाण्यात खळबळलं आणि कातळावर वाळत घातलं. आई-काकू तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवत होत्या. बाबा आणि काका तंबू गुंडाळत होते. आई म्हणाली, "ताई, बाळूकडे लक्ष ठेव गं."

आम्ही पाण्यावर भाकऱ्या काढत होतो. चपटा दगड तिरका फेकला की तो टप्पे घेत जातो, तो खेळ. माझ्या पाच भाकऱ्या झाल्या. बाळूची एकही होईना. तो रडकुंडीला आला. "तुझे दगड चांगले आहेत, मला दे," म्हणाला.

मी काय केलं असेल? मी म्हणाले, "माझे का देऊ? त्या काळ्या खडकापलीकडे आहेत की ढीगभर. जा, घेऊन ये. नाहीतर मी खेळत नाही, जा!"

गुरांची वाट तिकडे नव्हती, हे मला माहीत होतं. म्हाताऱ्या बाबांचं बोलणं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरी मी म्हणाले, जा.

मुलांनो, उन्हाळ्यात धरणाचं पाणी शेतीला आणि पिण्याला सोडतात, त्यामुळे काठ रोज थोडा थोडा मागे सरकतो. उघड्या पडलेल्या गाळावर उन्हाने कोरडी पापडी धरते. वरून तो अंगणासारखा टणक दिसतो, पण आत लोण्यासारखा मऊ असतो. शिवाय पाण्याखाली जुन्या शेतांचे बांध असतात. एका पावलावर गुडघाभर पाणी, तर पुढच्या पावलावर डोक्याच्या वर! हे मला आज माहीत आहे. तेव्हा एवढंच दिसलं, की बाळूच्या पायाखालची जमीन फुटली, तो घसरला आणि पाण्यात गेला. त्याचं डोकं वर आलं, पुन्हा खाली गेलं. तो ओरडलासुद्धा नाही. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हाका मारत नाही. त्याला श्वासच पुरत नाही, तर हाक कुठून मारणार?

किंचाळले ती मी. मी धावणार तोच आजीचा आवाज आला, "जागची हलू नकोस!" बाबा धावत आले आणि उडी मारणार, तेवढ्यात आजीने त्यांचं मनगट घट्ट धरलं. "तुला पोहता येतं का? नाही ना! मग एकाला काढायचंय तिथं दोघांना काढावं लागेल."

आजीने कातळावरचं ओलं लुगडं ओढलं आणि पदराला मोठी गाठ मारली. काका खडकावर पालथे झोपले, बाबांनी त्यांचे पाय धरले. काकांनी गाठ फेकली. ती अलीकडेच पडली. दुसऱ्यांदा फेकली, ती बाळूच्या तोंडासमोर. "धर बाळू, पदर धर! सोडू नको!" आजी ओरडत होती. त्याने पदर धरला.

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. गणित करून बघा हवं तर. पाचवारी असती तर पुरली नसती.

बाहेर आल्यावर बाळूला खोकल्यावर खोकला आला आणि पाणी पडलं. मग तो रडायला लागला. त्याचं रडणं इतकं गोड मला पुन्हा कधी वाटलं नाही. काका लगेच म्हणाले, "नाकातोंडात पाणी गेलंय, डॉक्टरांना दाखवायलाच हवं." आम्ही सामान गोळा करून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी छाती तपासली, बराच वेळ बसवून ठेवलं आणि मगच सोडलं.

एस.टी.त बाबांनी विचारलं, "बाळू, तू तिकडे गेलासच कशाला?" बाळूने माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर तोंड वळवलं. त्याने माझं नाव घेतलं नाही. मीही गप्प बसले. संगमनेर येईपर्यंत गप्प. ते दोन-तीन तास मला त्या सगळ्या दिवसात सर्वांत जड गेले.

रात्री गच्चीवर अंथरुणं पडली. सगळे झोपले, पण मला झोप येईना. शेवटी आजीच्या कुशीत शिरून तिला सगळं सांगितलं.

"ठाऊक आहे मला," आजी म्हणाली. "चुलीपाशी बसले होते, तुझं बोलणं कानावर आलं होतं. उठेपर्यंत तो गेला होता."

"मग बाबांना का सांगितलं नाहीस?"

"तुझं तू सांगावंस म्हणून. आता उद्या बाबांना सांग. आणि बाळूलाही सांग, चुकले म्हणून. तो लहान आहे म्हणून त्याला सोडू नकोस."

सकाळी मी सांगितलं. वाटलं होतं, मार बसेल. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू त्याला पाठवलंस ही तुझी चूक. आणि पोहता येत नसताना पोरांना पाण्यावर घेऊन गेलो, ही माझी."

त्याच आठवड्यात ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवर आमची शिकवणी सुरू झाली. पाठीला रिकामा डबा बांधून मी, बाळू आणि अडतीस वर्षांचे बाबा! विहिरीवरची पोरं त्यांना हसायची. बाबाही हसायचे, पण डबा काही सोडायचे नाहीत. पाऊस पडेपर्यंत आम्ही तिघेही डब्याशिवाय तरंगायला लागलो.

आजी २०१२ साली गेली. ते लुगडं तिने पुढे बरीच वर्षं नेसलं आणि विरल्यावर त्याची गोधडी शिवली. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघं भावंडं आपापल्या मुलांना घेऊन पुन्हा भंडारदऱ्याला गेलो. पिशवीत चटणी-दशमी होतीच, शिवाय बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन होता, आणि त्याला बांधलेला लांब दोर. माझी मुलगी आणि बाळूचा मुलगा भाकऱ्या काढत होते, गुरांच्या वाटेवरच. बाळूने हळूच एक चपटा दगड माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "ताई, आता तरी दे तुझे चांगले दगड!"

मी सगळेच्या सगळे त्याला दिले.

तर मुलांनो, या सुट्टीत नदीवर, धरणावर जरूर जा. पण स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. धरणाच्या खालच्या नदीपात्रात बसू नका, पाणी कधी सुटेल सांगता येत नाही. कुणी बुडत असेल तर मागून उडी टाकू नका. मोठ्यांना हाक मारा, आणि दोर, काठी, साडी जे हाती लागेल ते फेका. आणि आज संध्याकाळी जेवताना घरात एक प्रश्न विचारा, "आपल्यापैकी कुणाकुणाला पोहता येतं?"

ज्यांना येत नाही त्यांनी लाजू नये. आमच्या बाबांना आठवावं.