किती आणि क्वान्तो

बेल्लमपल्लीच्या कोळसाखाणीवर हजेरीपट लिहिण्यात ज्याच्या उमेदीचा काळ सरला, त्याला 'किती' हा शब्द नवखा नसतो. पाळीला माणसे किती उतरली, टब किती भरले, गैरहजर किती, या प्रश्नांवरच माझे दप्तर उभे होते. आणि काझीपेठ-बल्लारशाह लोहमार्गावरील या गावी ते प्रश्न मी घरच्या मराठीत, निजामाच्या अमदानीपासून मुरलेल्या उर्दूत आणि मजुरांच्या तेलुगूत, प्रसंगानुसार, विचारीत आलो. परंतु हा शब्द स्वतः आपल्याकडून काय मागतो, याचा विचार सुचला तो सेवानिवृत्तीनंतर, बोलोन्याला वाढणाऱ्या नातीशी तिच्या शाळेच्या भाषेत दोन शब्द बोलता यावेत म्हणून मी इटालियनचा श्रीगणेशा केला तेव्हा.

इटालियनमध्ये आपल्या एका 'किती'ची चार रूपे होतात: पुल्लिंगी एकवचनी क्वान्तो, स्त्रीलिंगी क्वान्ता, आणि अनेकवचनी अनुक्रमे क्वान्ती व क्वान्ते. हा नियम मराठी माणसास परका नाही. केवढा डोंगर, केवढी नदी, केवढे घर असे आपण म्हणतोच. उर्दूतही कितना, कितनी, कितने आहेच. अडचण आहे ती क्रमाची. मराठीत 'किती' उच्चारून झाल्यावर नाम आठवीत क्षणभर थांबण्याची मुभा असते. इटालियनमध्ये मात्र तोंड उघडण्यापूर्वीच त्या वस्तूचे लिंग आणि वचन मनाशी कायम झालेले असावे लागते.

म्हणून मी रोज पहाटे स्वयंपाकघरातील डब्यांसमोर उभा राहून अभ्यास करू लागलो. आपली साखर स्त्रीलिंगी, त्यांचा 'त्सुक्केरो' पुल्लिंगी, म्हणून क्वान्तो. आपले पीठ नपुंसकलिंगी, पण त्या भाषेत नपुंसकलिंगच नसल्याने ते 'फारीना' होऊन स्त्रीलिंगात गेलेले, म्हणून क्वान्ता. आपण 'तांदूळ किती आहेत' असे पुसतो, त्यांचा 'रीझो' मात्र एकवचनी. अंड्याची तऱ्हा याहून विलक्षण, कारण एक असेतो ते पुल्लिंगी असते आणि दोन होताच स्त्रीलिंगी होते.

एके सायंकाळी दूरध्वनीच्या पडद्यावर नातीने द्राक्षांचा घड धरला. आपल्याकडे द्राक्षे अनेक, म्हणून मी धिटाईने 'क्वान्ते ऊवे' असे विचारले. ती शांतपणे म्हणाली, "आजोबा, ऊवा एकच असते. क्वान्ता ऊवा म्हणा. मोजायचे असतील तर दाणे विचारा, क्वान्ती आचिनी." राशीला विचारावयाचा प्रश्न निराळा आणि दाण्याला विचारावयाचा निराळा, हा भेद त्या दोन वाक्यांत मला जसा उमगला तसा व्याकरणाच्या पुस्तकाने उमगला नव्हता.

1583 साली हिंदुस्थानात आलेला आणि 1588 साली गोव्यात मरण पावलेला फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी आपल्या पत्रांतून संस्कृत आणि इटालियन शब्दांचे साम्य नोंदवून गेला आहे. सहा, सात, आठ, नऊ हे आकडे त्याच्या कानांना ओळखीचे वाटले होते. सेत्ते, ओत्तो, नोवे हे मलाही आप्तांसारखेच भेटले. उत्तरे घरची होती. शिकावयाचा राहिला होता तो प्रश्न.

आणि तो प्रश्न मला पुन्हा खाणीच्या तोंडाशी घेऊन गेला. तेलुगूत कोळशाच्या राशीला 'एंत', टबांना 'एन्नि' आणि माणसांना 'एंतमंदि'. पाळी सुटल्यावर 'एन्नि' विचारून मी टबांचा हिशेब लिही आणि 'एंतमंदि' विचारून वर आलेल्यांची हजेरी घेई; माणसांसाठी टबांचा शब्द वापरला असता तर ती व्याकरणाची चूक ठरलीच असती, पण त्याहून अधिक ती त्या माणसांची अवहेलना झाली असती. ज्याच्याविषयी विचारावयाचे त्याला आधी ओळखावे आणि मग त्याची संख्या पुसावी, हा शिरस्ता मी इतकी वर्षे न जाणता पाळला होता. आता मराठीत, जिथे 'किती'चे रूप बदलत नाही तिथेही, तो शब्द उच्चारण्यापूर्वी मी क्षणभर थांबतो आणि समोर काय आहे ते पाहून घेतो.